बुलूच्या घरची माणसं आणि शिवतोषबाबू

शिवतोष समाद्दारांना भुतांची भीती वाटते, ही गोष्ट साऱ्या जगात एकाच माणसाला ठाऊक होती आणि तो माणूस म्हणजे स्वतः शिवतोष समाद्दार. कलकत्त्याच्या बंदरातल्या एका कचेरीत चौतीस वर्षं त्यांनी हेडक्लार्की केली, तीन युनियन आणि सात साहेब पचवले, पण हे गुपित कधी फुटू दिलं नाही. बायकोपुढे तर मुळीच नाही. भित्रेपणा हा काही गुन्हा नव्हे, हे त्यांना तत्त्वतः मान्य होतं. पण अडतीस वर्षं एका बाईसमोर छाती काढून चालल्यावर एकाएकी खांदे पाडून कसं चालायचं, हा व्यवहाराचा प्रश्न होता.

त्यातून बायको करबी. करबीला भुताच्या गोष्टींचं व्यसन. बांसद्रोणीच्या वाचनालयातलं असं एक भूत नव्हतं की जे तिच्या उशाशी येऊन गेलं नाही. संध्याकाळी मुरमुऱ्यांची वाटी घेऊन ती वाचायला बसायची. विहिरीतून हात वर येतो त्या पानावर इतर माणसं देवाचं नाव घेतात. करबी म्हणायची, "मिरची अजून एक हवी होती." समोर शिवतोषबाबू पेपर उघडून बसायचे आणि फुटबॉलची बातमी चौथ्यांदा वाचायचे.

बंगाली कार्तिक लागायच्या सुमारास करबीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू आठवड्याच्या अंतरानं निघाला आणि डॉक्टरांनी काळा चष्मा देऊन सांगितलं, सहा आठवडे वाचन बंद. करबीचा चेहरा उतरला. चार महिने नंबर लावून मिळालेली 'आमच्या घरची माणसं' ही कादंबरी घरी उशाशी पडून होती. एका झपाटलेल्या कुटुंबाची गोष्ट, तीही त्या घरातल्या नऊ वर्षांच्या मुलीनं सांगितलेली.

"मग ऐका की," डॉक्टर म्हणाले. "ती ऐकायलाही मिळते. एका लहान मुलीनंच वाचलीय. दहा भाग आहेत. माझ्या बायकोनं ऐकली आणि आठवडाभर माहेरी जाऊन राहिली."

"दुपारी एकटीच ऐकेन," करबी लगेच म्हणाली. "ह्यांचा पत्त्यांचा अड्डा असतो तेव्हा."

इथं प्रकरण मिटलं होतं. शिवतोषबाबूंनी फक्त गप्प बसायचं होतं. पण डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. सहज पाहिलं असेल, डॉक्टरांना कुठंतरी बघावंच लागतं. पण पुरुषाच्या हातून आयुष्यातली निम्मी मूर्खपणाची कामं तिसऱ्या माणसानं सहज बघितल्यामुळे होतात.

"एकटी कशाला? मी बसेन की," शिवतोषबाबू म्हणाले.

"तुम्हाला कंटाळा येईल."

"मला? का, मी काय घाबरतो?"

"मी कुठं तसं म्हटलं," करबी म्हणाली आणि पायऱ्या उतरताना तिनं त्यांचा दंड धरला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता त्यांनी फोन टेबलावर ठेवला. कार्तिकात पाचलाच दिवेलागण होते, हा पंचांगाचा दोष. शिवतोषबाबूंची तयारी जय्यत होती. विजा कडाडतील, कुत्रं रडेल, बाई किंचाळेल, अशा प्रत्येक गोष्टीसाठी त्यांनी एकेक खोकला राखून ठेवला होता.

पण वीज कडाडली नाही. थोडी सर्दी झालेला एक लहान आवाज आला.

"माझं नाव बुलू. मी नऊ वर्षांची आहे. आमचं घर जलंगी नदीच्या काठी आहे. आमच्या जिन्याला अकरा पायऱ्या आहेत. सातव्या पायरीवर धाकटे काका बसलेले असतात, म्हणून आम्ही ती पायरी ओलांडून जातो. पाहुण्यांना हे ठाऊक नसतं. मग काकांना उठावं लागतं."

बस्स. डब्यात काय आणलंय हे सांगावं तशा आवाजात. मध्येच ती आवंढा गिळायची, एखादं जड नाव घाईनं उरकायची आणि पुढं जायची. शिवतोषबाबूंच्या पाठीतून गार काहीतरी वर सरकत गेलं. पण नवल असं, की भीतीच्या मागोमाग आणखीही काहीतरी वर आलं, आणि त्याला बंदराच्या कचेरीत नाव नव्हतं. काली मंदिरात गाभाऱ्याशी गेल्यावर माणूस आपोआप आवाज खाली करतो, तसं त्यांचं आतून झालं. ह्या पोरीला कुणी जेवायला वाढलं असेल का, असं त्यांना वाटून गेलं. चाळीस मिनिटं झाली तरी राखून ठेवलेला एकही खोकला वापरला गेला नव्हता.

परिणाम दुसऱ्या दिवशी दिसला. समाद्दार पहिल्या मजल्यावर राहतात. बाजाराची पिशवी घेऊन शिवतोषबाबू जिना चढत होते आणि सातव्या पायरीपाशी येऊन त्यांनी उडी मारली. वरून तळमजल्याचे नाडूबाबू उतरत होते. नाडूबाबू वीज खात्यातून निवृत्त झालेले, पण स्वभावानं होमिओपॅथ.

"गुडघा का?" नाडूबाबूंनी विचारलं.

"व्यायाम."

"कोणत्या बाजूला झोपता? गोड आवडतं? पूर्वी कधी पाण्यात पडला होता?"

होमिओपॅथला चुकवायचं तर खरं बोलणं भाग असतं. शिवतोषबाबूंनी कादंबरीचं सांगितलं, भीतीचं वगळून. आणि सांगता सांगता त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भुताची गोष्ट दोघांत ऐकली तर भीती निम्मी निम्मी वाटली जाते. तिघांत ऐकली तर तिसरा हिस्सा. पाच-सहा माणसं जमवली तर आपल्या वाट्याला चहाच्या चमच्याएवढी येईल आणि तेवढी कुणीही गिळू शकतो.

"मग आज या की पाचला," ते म्हणाले. "करबीला सोबत होईल."

नाडूबाबू आले म्हणून वरच्या मजल्याच्या टुलू बौदी, म्हणजे टुलू वहिनी, आल्या. टुलू बौदींना न कळता ह्या इमारतीत दुधाची पिशवीसुद्धा फाटत नाही. त्यांनी सासूबाईंना आणलं, सासूबाईंनी कीर्तनातल्या दोन मैत्रिणींना. तिसऱ्या भागाला समाद्दारांच्या बाहेरच्या खोलीत एकोणीस माणसं होती. करबी काळा चष्मा लावून मधोमध बसली होती. "बरं केलंत," ती नवऱ्याला एवढंच म्हणाली. "घर भरलेलं असलं की बरं वाटतं."

आता बंगाली माणूस गोष्ट ऐकतो म्हणजे आधी तिच्याशी भांडतो.

"काका जिन्यावर बसतो म्हणजे ब्रह्मदैत्य, ब्राह्मणाचं भूत," नाडूबाबू म्हणाले. "ती उच्च जात आहे. त्रास देत नाही, फक्त मान मागते."

"ब्रह्मदैत्य बेलाच्या झाडावर असतो, जिन्यावर काय करेल, वीज मोजेल?" टुलू बौदी म्हणाल्या.

"माझ्या मामेसासऱ्यांना दिसला होता," सासूबाई म्हणाल्या. "मासा मागत होता."

"मग ते मासेखाऊ भूत, ब्रह्मदैत्य नव्हे," नाडूबाबू म्हणाले. "दादा, तुम्ही सांगा."

"मला वाटतं," शिवतोषबाबू म्हणाले, "आपण ऐकू या."

फोन सुरू झाला आणि बुलू म्हणाली, "आज आईनं माझी वेणी घातली. तिचे हात गार होते. मी काही बोलले नाही." आणि एकोणीस माणसं गप्प झाली. हे वाक्य ज्यांना साधं वाटत असेल त्यांनी एकोणीस बंगाली माणसं कधी एका खोलीत पाहिलेली नाहीत. चहावर साय धरली. शेजारच्या क्लबात मोठी मॅच चालू होती, गोल झाल्याची आरोळी आली, आणि तो कुणी केला हेसुद्धा कुणी विचारलं नाही. शिवतोषबाबू एकेका चेहऱ्याकडे बघत राहिले. कचेरीत सात साहेबांना जे जमलं नव्हतं ते त्या सर्दी झालेल्या पोरीनं केलं होतं.

चौथ्या भागाला सोफ्याचा पाय मोडला. पाचव्याला माणसं जिन्यात बसली, मात्र सातवी पायरी सोडून. तेव्हा सर्वानुमते ठरलं की आता खालचा हॉल घ्यायचा. सर्वानुमते ठरतं तेव्हा अर्ज एकालाच करावा लागतो. शिवतोषबाबू सोसायटीचे सेक्रेटरी फणींद्र गुछाइत ह्यांच्याकडे गेले.

गुछाइतबाबूंनी फॉर्म काढला. "प्रयोजन? चार आहेत. विवाह, अन्नप्राशन, श्राद्ध, रक्तदान."

"कादंबरी ऐकणे."

"पाचवं प्रयोजन घालायचं तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल. ती चैत्रात."

"मग?"

गुछाइतबाबूंनी चष्मा पुसला. "समाद्दारदा, भुताची गोष्ट म्हणजे गेलेल्या माणसांचीच ना? त्यांची आठवण काढायची, चार माणसं जमायची, चहापाणी व्हायचं. श्राद्धात बसतं."

"पण श्राद्ध कुणाचं?"

"तो रकाना रिकामा ठेवता येत नाही."

शिवतोषबाबूंनी थोडा विचार केला आणि लिहिलं, 'कुमारी बुलूचे धाकटे काका'. फॉर्मवर शिक्का बसला.

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर नियमाप्रमाणे कागद लागला: श्री. शिवतोष समाद्दार यांच्यातर्फे श्राद्ध, हॉल, संध्याकाळी पाच. सकाळपासून माणसं पांढरी फुलं घेऊन येऊ लागली. दूधवाल्यानं हात जोडले. क्लबनं दोन मिनिटं उभं राहण्याचा ठराव केला. सिलिगुडीहून चुलत मेहुण्याचा फोन आला. तो रडतच होता. "इतके जवळचे काका गेले आणि मला कळवलंही नाही," तो म्हणाला. शिवतोषबाबूंनी खुलासा करायचा प्रयत्न केला, पण शोकात असलेल्या माणसाला गप्प करणं कठीण. शेवटी त्यांनीच त्याला धीर दिला आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपलेही डोळे ओले आहेत. धाकट्या काकांशी सहा दिवसांचा घरोबा झाला होता.

माईकची परवानगी आणायला ठाण्यावर जावं लागलं. ड्युटीवरच्या साहेबांनी अर्ज वाचला, शिक्का उचलला आणि तो तसाच हवेत धरला.

"कितवा भाग चाललाय?"

"उद्या नववा."

साहेबांनी दाराकडे बघून आवाज उतरवला. "नववा बसून ऐका. मी उभ्यानं ऐकला होता."

नववा भाग नेमका भूत चतुर्दशीला, म्हणजे काली पूजेच्या आदल्या दिवशी आला. त्या संध्याकाळी गेलेल्या चौदा पिढ्यांसाठी चौदा दिवे लावायचे आणि दुपारी चौदा पालेभाज्या खायच्या, ही रीत. बाजारवाला चौदा म्हणून जी जुडी देतो तिच्यात नऊच्या वर भाज्या कधी निघत नाहीत. पण पूर्वज समजून घेतात. हॉलच्या खिडक्यांत चौदा पणत्या लागल्या. साठ माणसं जमली. गुछाइतबाबू देखरेखीसाठी म्हणून पहिल्या रांगेत बसले. शिवतोषबाबूंनी हिशेब केला, आपल्या वाट्याची भीती आता साठावा हिस्सा. ते जवळजवळ निर्धास्त होते.

"आज भूत चतुर्दशी," बुलू म्हणाली. "ठाकुमा, म्हणजे माझी आजी, स्वयंपाकघरात आहे. आमचं स्वयंपाकघर गेल्या वर्षापासून बंद आहे. कुलपाची किल्ली माझ्याकडे आहे. मी दाराला कान लावला. आधी मोहरीचं तेल तापलं. मग मासा पडल्याचा आवाज आला. मग वास आला."

आणि वास आला.

तळलेल्या रोहूचा, मोहरीच्या तेलातला, हळद लावलेला. साठ नाकांनी तो एकदम घेतला. ह्या लोकांना माशाच्या वासाबद्दल फसवता येत नाही. मग सासूबाईंच्या मैत्रिणीनं "आली" असं अगदी हळू म्हटलं, आणि हॉल मोकळा झाला.

शिवतोषबाबूंना मधलं काही आठवत नाही. ते भानावर आले तेव्हा रस्त्यापलीकडच्या चहावाल्याच्या बाकावर उभे होते. पायात एक चप्पल होती आणि गुछाइतबाबूंनी त्यांना कंबरेपाशी मिठी मारली होती.

"मी तुम्हाला थांबवायला आलो," गुछाइतबाबू म्हणाले.

"मीही," शिवतोषबाबू म्हणाले.

पण मनात आकाश कोसळलं होतं. करबी हॉलमध्ये होती. डोळ्यांचं ऑपरेशन झालेली बायको भुताच्या हवाली करून आपण पळालो. अडतीस वर्षांची अब्रू ह्या बाकाखाली पडली होती. ते परत गेले. साठ खुर्च्यांपैकी अठ्ठावन्न आडव्या होत्या, एका पणतीनं पडद्याला भोक पाडलं होतं, आणि मधोमध करबी काळा चष्मा लावून शांत बसली होती.

"आलात?" ती म्हणाली. "ह्या चष्म्यातून मला काही दिसत नाही बाई. तुम्ही वास कुठून येतो ते बघायला गेलात ना?"

शिवतोषबाबूंनी देवाचे आभार मानले. "हो. बघून आलो."

"मला वाटलंच."

एवढ्यात टुलू बौदी परात घेऊन जिन्यावरून आल्या. भूत चतुर्दशी, साठ माणसं, चहाबरोबर काहीतरी गरम असावं म्हणून त्यांनी गुपचूप चाळीस तुकडे तळले होते. रिकामा हॉल बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "भुतं पळाली असती तर मी समजू शकले असते," त्या म्हणाल्या. "पण मासा तळलेला असताना माणसं पळतात?"

करबीनं एक तुकडा घेतला आणि मीठ बरोबर आहे म्हणून सांगितलं.

सोसायटीनं तातडीची सभा घेतली. हॉलमध्ये ह्यापुढे 'प्रत्यक्ष मृत असलेल्या व्यक्तींखेरीज' कुणाचंही श्राद्ध होणार नाही, असा ठराव झाला. पडद्याच्या भोकाबद्दल शिवतोषबाबूंना लेखी खुलासा मागितला गेला. आणि दहाव्या भागाला त्यांच्या घरी येण्याबद्दल ज्याला विचारावं त्याच्याकडे पाहुणे होते. नाडूबाबूंकडे पाहुणे होते. नाडूबाबूंचे पाहुणे टुलू बौदींकडेही होते. जाताना नाडूबाबूंनी गोळ्यांची पुडी तेवढी दिली. "जिभेखाली चार," ते म्हणाले. "प्रश्न विचारू नका."

"राहू दे," करबी म्हणाली. "शेवटचा भाग मी उद्या दुपारी ऐकेन. तुम्ही जा अड्ड्यावर."

सुटकेचं दार उघडं होतं. शिवतोषबाबू त्याच्याकडे बघत उभे राहिले. त्यांना खरंच जायचं होतं. पण नदीकाठच्या त्या घरात ती पोर किल्ली मुठीत धरून दाराशी उभी होती, आणि तिला तसंच ठेवून पत्ते कसे पिसायचे?

"बुलूला मध्येच सोडून कसं जायचं," ते म्हणाले.

करबीनं काळ्या चष्म्यातून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग सरकून सोफ्यावर जागा केली. चौथ्या पायाच्या जागी विटा होत्या.

दहावा भाग छोटा होता. बुलू सांगत होती की गेल्या वर्षी काली पूजेच्या जत्रेहून परत येताना तिच्या घरची नाव उलटली. सगळेच होते नावेत. तिला ताप होता म्हणून ती शेजारणीकडे राहिली होती. संध्याकाळी ती घरी आली तर सगळे आधीच आले होते, ओल्या कपड्यांनी. कुणी काही बोललं नाही. ठाकुमा स्वयंपाकघराकडे गेली. काका जिन्यावर बसले, पायातला गाळ पुसत.

"त्यांना ठाऊक नाही," बुलू म्हणाली. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण मी सांगितलं नाही. सांगितलं तर ते ओशाळतील. मला घरात उगाच घाबरवलं म्हणून त्यांना वाईट वाटेल, आणि ते जातील. म्हणून मीच सांगते, की मला अंधाराची भीती वाटते, तुम्ही जवळ बसा. मग ते बसतात. त्यांना बरं वाटतं."

आवाज थांबला. पुढं काही नव्हतं.

शिवतोषबाबूंच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. एवढ्याशा पोरीनं एवढं मोठं घर एकटीनं सांभाळलं होतं, कुणाला न कळू देता. ह्याच्यापुढं आपली भीती फारच लहान वाटत होती. अर्थात गेली नव्हती. घरात अंधार पडला होता, आतल्या बोळातला दिवा सकाळीच गेला होता, बोळाच्या टोकाला संडास होता, आणि शिवतोषबाबूंना गेली वीस मिनिटं तिथं जायचं होतं.

"अहो," करबी हळूच म्हणाली, "मला जरा तोंड धुवायचंय. बोळात अंधार आहे. तुम्ही येता का सोबत? मला एकटीला भीती वाटते."

"चल," शिवतोषबाबू सवयीनं म्हणाले आणि उठले. "मी आहे ना."

आणि ते तिथंच थांबले.

करबीचं हे वाक्य त्यांनी आजवर हजारदा तरी ऐकलं होतं. बेहालाला बिऱ्हाड होतं तेव्हा संडास अंगणापलीकडे, चिंचेखाली होता. रात्री करबी म्हणायची, मला भीती वाटते, सोबत या. ते कंदील घेऊन पुढं व्हायचे, मोठ्या ऐटीत. मित्रांना सांगायचे, बायको वाचायला शूर, पण काय सांगू, बाहेर एक पाऊल टाकत नाही. पण चिंचेखाली पोचल्यावर आत कोण जायचं? आलोच आहोत तर जाऊन येतो, म्हणून तेच जायचे. करबी बाहेर उभी राहायची, एकटी, काळोखात, गाणं गुणगुणत. नवद्वीपच्या स्मशानघाटाला लागून जिचं माहेर, चितांच्या उजेडात जी शाळेचा अभ्यास करायची, ती बाई अडतीस वर्षं भीत होती, आणि तेही नेमकी ह्यांना जायचं असेल तेव्हाच.

शिवतोषबाबूंनी तिच्याकडे पाहिलं. ती पदर सावरत उभी होती, जणू काही झालंच नाही. त्यांना तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण तसं केलं असतं तर ती ओशाळली असती.

म्हणून त्यांनी टॉर्च घेतला, खांदे ताठ केले आणि नेहमीप्रमाणे पुढं झाले.

"आलोच आहोत तर जाऊन येतो," बोळाच्या टोकाला पोचल्यावर ते म्हणाले.

"या," करबी म्हणाली आणि बाहेर उभी राहून गुणगुणू लागली.

थोड्या वेळानं आतून त्यांचा आवाज आला. "आहेस ना?"

"आहे."

"घाबरू नकोस हं."

"नाही घाबरत," करबी म्हणाली. "तुम्ही आहात ना."